३ किलोमीटरला १ तास १४ मिनिटं: खुल्या पाण्यातला टाइम कसा वाचायचा

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही नागपुरातल्या मानेवाड्याचे, वय ३८. घराजवळच्या २५ मीटरच्या पोहण्याच्या पुलात सकाळी सराव करता आणि १ किलोमीटर २० मिनिटांत होतं. त्या हिशेबानं कोकणातल्या सागरी स्पर्धेत ३ किलोमीटर तासाभरात व्हायला हवं होतं. लागले १ तास १४ मिनिटं. मागच्या वर्षी त्याच स्पर्धेत त्याच अंतराला १ तास १० मिनिटं लागली होती, म्हणजे वर्षभर इमानेइतबारे पोहून चार मिनिटं वाढली. तुमच्याच पुलातला मित्र, ज्याचाही किलोमीटरचा टाइम २० मिनिटंच आहे, तो १ तास ५ मिनिटांत बाहेर आला. घड्याळानं अंतर ३.४१ किलोमीटर दाखवलं. तुमचं विचारणं असं की, मी स्लो झालो का, आणि पुढच्या वर्षी ५ किलोमीटरला नाव द्यावं का?

स्लो झालेला नाहीत. निकालाचा कागद तुम्ही पाठवलात तेवढ्यावरूनच दिसतं की उलट थोडे पुढे सरकलात. ते आकड्यांत दाखवतो, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पुलातला टाइम तुमचा एकट्याचा असतो. खुल्या पाण्यातला टाइम तुमचा, त्या दिवशीच्या पाण्याचा आणि तुम्ही धरलेल्या रेषेचा मिळून असतो. त्यातला आपला वाटा किती हे वेगळं काढता आलं नाही, तर माणूस उगाच खट्टू होतो किंवा उगाच फुशारतो. नागपूरकरांचं हे जास्तच होतं, कारण आपल्याकडे समुद्र नाही आणि वर्षातून एकदा लांबचा प्रवास करून मिळालेला तो एक आकडा माणूस वर्षभर उराशी धरून बसतो.

ऑलिम्पिकचं उदाहरण घ्या. खुल्या पाण्यातली १० किलोमीटरची शर्यत २००८ च्या बीजिंगपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. नेदरलँड्सच्या शॅरन व्हॅन रौवेंडालनं २०१६ मध्ये रिओला ती जिंकली १ तास ५६ मिनिटं ३२.१ सेकंदांत. याच बाईंनी २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा सुवर्ण घेतलं, टाइम २ तास ३ मिनिटं ३४.२ सेकंद. सात मिनिटं जास्त, आणि तरी जगात पहिली. पॅरिसची शर्यत सीन नदीत होती. दर फेरीला प्रवाहाच्या उलट जावं लागत होतं आणि पोहणारे उलट जाताना अक्षरशः काठाला घासून जात होते, कारण काठाशी प्रवाह मंद असतो. रिओचा समुद्र वेगळा, सीन वेगळी. दोन टाइम शेजारी ठेवून ‘बाई सात मिनिटांनी मागे पडल्या’ असं म्हणणं जितकं अर्थहीन, तितकंच तुमचं ‘चार मिनिटं वाढली’ हे अर्थहीन आहे.

उलट बाजूचं उदाहरण बंगालमधलं. मुर्शिदाबाद जिल्ह्यात भागीरथीत ८१ किलोमीटरची शर्यत होते, आणि पहिले येणारे ती दहा ते बारा तासांच्या घरात संपवतात. बारा तास धरले तरी ताशी पावणेसात किलोमीटर होतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये फ्लोरियन वेलब्रॉकनं १० किलोमीटर १ तास ४८ मिनिटं ३३.७ सेकंदांत जिंकलं, तो वेग ताशी साडेपाचच्या आसपास. म्हणजे भागीरथीतले जलतरणपटू ऑलिम्पिक विजेत्याहून वेगवान? अर्थात नाही. नदी त्यांना घेऊन जाते. म्हणूनच खुल्या पाण्यातल्या अंतरांचे जागतिक विक्रम जागतिक जलतरण संघटना ठेवतच नाही.

आणखी एक, जे आयोजक स्वतःहून सांगत नाहीत: ‘३ किलोमीटर’ हे अंतरसुद्धा अंदाजाचं असतं. बोया, म्हणजे मार्ग दाखवणारे तरंगते फुगे, होडीतून टाकतात, नांगराचा दोर थोडा लांब सोडला की भरती-ओहोटीबरोबर बोया सरकते. मागच्या वर्षीचे ३ आणि यंदाचे ३ यांत शंभर-दोनशे मीटरचा फरक सहज असू शकतो. यात कुणी फसवत नाही, पाण्यावर रेघ मारता येत नाही एवढंच.

मग तुलना कशाशी करायची? सोबत पोहलेल्यांशी. त्याच दिवशी, त्याच पाण्यात, त्याच बोयांभोवती ते फिरले. तुमच्या कागदावर गटातला पहिला मागच्या वर्षी ४१ मिनिटांत आला होता, यंदा ४४ मिनिटांत. मागच्या वर्षी तुम्हाला त्याच्या १.७१ पट वेळ लागला, यंदा १.६८ पट. दुसऱ्या तऱ्हेनं बघा: पाणी यंदा जितकं जड होतं त्या प्रमाणात तुमचे ७० मिनिटांचे ७५ व्हायला हवे होते, झाले ७४. म्हणजे मिनिटभर कमावलंत. शिवाय जड पाण्यात हळू पोहणाऱ्याचं नुकसान वेगवान पोहणाऱ्यापेक्षा जास्त होतं (का ते पुढे येतंय), तेव्हा प्रत्यक्षातली सुधारणा मिनिटाहून थोडी जास्तच धरा.

फक्त एकट्या पहिल्या नंबरावर भिस्त ठेवू नका. एखाद्या वर्षी राष्ट्रीय स्तरावरचा पोरगा येतो आणि सगळं गणित बिघडवतो. गटातला पाचवा, दहावा आणि बरोबर मधला असे तिघांचे टाइम दोन्ही वर्षांचे काढा. दोन्ही वर्षी उतरलेले तीन-चार जण ओळखीचे असतील तर त्यांचा फरक बघा, तो सगळ्यात खरा. तिघेही पाच मिनिटांनी मागे असतील आणि तुम्ही चारनं, तर विषय संपला.

आता पुलातला तास आणि समुद्रातला १ तास १४ यांतली ती १४ मिनिटं. सगळी एका खात्यावर टाकू नका, ती पाच-सहा ठिकाणी सांडलीत.

पहिलं खातं भिंतीचं. २५ मीटरच्या पुलात १ किलोमीटरला ३९ वेळा तुम्ही भिंतीला पाय लावून ढकलता आणि दर वेळी तीन-चार मीटर फुकट सरकता, वर हातांना क्षणभर आराम. समुद्रात हे नाही. तुमच्या लेव्हलला दर शंभरी, म्हणजे दर १०० मीटरला, ४ सेकंद धरा, ३ किलोमीटरला २ मिनिटं झाली. हे पुलातच मोजता येतं. भिंतीला हात-पाय न लावता, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर अलीकडूनच वळायचं. लॅप २१ मीटरची होते, अशा १९ लॅप म्हणजे ३९९ मीटर. हा टाइम तुमच्या नेहमीच्या ४०० शी ताडून बघा. जागच्या जागी वळायलाही वेळ जातो, म्हणून आलेल्या फरकाचा निम्माच भिंतीच्या नावावर लिहा. एकदा करून बघाच, खांदे लगेच सांगतात की भिंत आपल्याला किती सांभाळत होती.

दुसरं, १ किलोमीटरचा वेग ३ किलोमीटरला टिकत नाही. दर शंभरी ३ सेकंद तरी वाढतातच. दीड मिनिट गेलं.

तिसरं खातं सगळ्यात मोठं: वाकडं पोहणं. घड्याळाचे ३.४१ शब्दशः घेऊ नका. जीपीएसचा सिग्नल पाण्याखाली पोचत नाही. हात बाहेर आला की घड्याळ एक ठिपका पकडतं, मग पुन्हा बुडतं, आणि मधलं अंतर ते जुळवून घेतं. त्यात चूक दोन्हीकडे होते. (घड्याळ टोपीखाली ठेवलं किंवा कमरेच्या तरंगत्या बोयाला बांधलं तर रेषा बरीच खरी येते. पुढच्या सरावाला करून बघा, स्पर्धेत नियम विचारून घ्या.) तरी ४१० मधले अडीचशे मीटर खरे धरू. तुमच्या वेगानं ती पाच मिनिटं झाली. रेषेपासून १० अंश भरकटलात तर अंतर दीड टक्का वाढतं, ते चालतं. २० अंश भरकटलात तर सहा टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे ३ किलोमीटरला जवळपास दोनशे मीटर. नुकसान एकदम वाढतं, आणि पाण्यातून २० अंश कळतसुद्धा नाहीत.

चौथं, थांबणं. तुम्हीच लिहिलंय की बोया दिसेना म्हणून ‘वीसेक वेळा’ थांबून ब्रेस्टस्ट्रोक केला. एका थांब्याला पाच सेकंद धरले तरी दीड मिनिटाच्या वर गेलं. इथवर दहा मिनिटं झाली. उरलेली चार पाण्याची आणि सुरुवातीच्या घाईची.

मित्राचं कोडंही यातच सुटतं. त्याचा दम तुमच्याइतकाच आहे. तो सरळ गेला, थांबला नाही, आणि माझा अंदाज आहे की बराच वेळ कुणाच्या तरी पायांमागे पोहला. सरळ जाण्याची पाच मिनिटं, न थांबण्याची दीड, आणि दुसऱ्याच्या मागे मिळालेली दोन-अडीच. नऊ मिनिटं भरली. त्याला विचारा, बहुधा सांगेल की पुढे लाल टोपीवाला होता, त्याला धरून गेलो.

मागे पोहणं, म्हणजे ड्राफ्टिंग, आपल्याकडे अजून थोडं चोरीसारखं मानतात. तसं काही नाही, खुल्या पाण्याच्या शर्यतीत ते नियमात बसतं. (ट्रायथलॉनच्या पोहण्यातही चालतं.) पुढच्याच्या पायांपासून हातभर मागे राहिलं की पाण्याचा विरोध वीसेक टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, कमरेच्या बाजूला थोडं मागे राहूनही फायदा मिळतो. दोन अटी आहेत. एक, पायाला सारखं बोट लावायचं नाही, लोक लाथ मारतात आणि बरोबर करतात. दोन, तो सरळ चाललाय का हे स्वतः बघत राहायचं. वाकड्याच्या मागे गेलात तर त्याचे अडीचशे मीटर तुमच्या नावावर चढतात.

आता बघणं, म्हणजे साइटिंग. हे नीट शिकण्याजोगं आहे आणि आपल्या पुलांत कुणी शिकवत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. तुमची चूक बहुतेक ही: तुम्ही समोर बघताना समोरच श्वास घेता. त्यासाठी अख्खं तोंड पाण्याबाहेर काढावं लागतं, डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, कंबर गेली की पाय बुडतात, आणि वेग संपतो. मग परत आडवं व्हायला दोन-तीन स्ट्रोक जातात. करायचं असं: पुढचा हात पाण्यात लांबवला की तळहातानं पाणी किंचित खाली दाबा आणि त्याच क्षणी गॉगलची काच जेमतेम पाण्यावर येईल इतकंच डोकं उचला. नाक-तोंड पाण्यातच. एक झलक घ्या आणि डोकं तसंच बाजूला वळवून नेहमीसारखा श्वास. या झलकेत बोया दिसली नाही तर शोधत बसू नका, सहा स्ट्रोकनंतर पुन्हा झलक. लाटेच्या खळग्यात असताना काहीच दिसणार नाही, लाट अंगाखाली येऊन तुम्हाला उचलते तेव्हा बघा. तसंही पाण्याच्या पातळीवरून चारशे मीटरवरची बोया दिसतच नाही. म्हणून शर्यतीआधी किनाऱ्यावर उभं राहून बोयाच्या मागे, त्याच रेषेत, काहीतरी उंच ठरवून ठेवायचं. माडाचं उठून दिसणारं झाड, मोबाइलचा टॉवर, किल्ल्याचा बुरूज. परतीच्या दिशेलाही एक खूण हवी. मी तर आदल्या संध्याकाळीच जाऊन बघतो, सकाळी सूर्य कुठून डोळ्यांत येणार हेही तेव्हाच कळतं.

किती वेळा बघायचं ते तुम्ही किती वाकडे जाता यावर. पूल रिकामा असेल तेव्हा मधली लेन घ्या, डोळे मिटा आणि बारा स्ट्रोक मारा. डोळे उघडल्यावर कुठे आहात? नेहमी उजव्याच दोरीला लागत असाल तर एका हाताची ओढ मध्यरेषेच्या पलीकडे जातेय किंवा तुम्ही एकाच बाजूला श्वास घेताय. पंधरा स्ट्रोक सरळ जाणारा दर पंधरा स्ट्रोकला बघेल, सहाला वळणारा सहाला. मे महिन्यात समर कॅम्पच्या पोरांनी पूल भरतो तेव्हा आपले मोठे लोक चिडून घरी जातात. मी म्हणतो थांबा. गॉगलवर हात बसतो, पायात कुणी येतं, पाणी खवळलेलं असतं. नागपुरात समुद्राची याहून जवळची तालीम मिळायची नाही.

अंबाझरी किंवा फुटाळा तलावात उतरून सराव करायचा का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. तिथे पोहायला सोय नाही, जलपर्णी आणि गाळ आहे, आणि दरवर्षी बुडण्याच्या बातम्या येतातच. खिंडसीसारख्या मोठ्या जलाशयातही परवानगी, सोबत होडी आणि जीवरक्षक असल्याशिवाय पाय टाकू नये. चांगला पोहणारा आहे म्हणून तलाव कुणाला सोडत नाही.

पाण्याकडे येऊ. जाऊन-येऊन शर्यत असते तेव्हा लोक म्हणतात, जाताना प्रवाह विरोधात होता तर येताना सोबत होता, फिट्टमफाट. तसं होत नाही. तुमचा वेग ताशी ३ किलोमीटर, प्रवाह ताशी १. जाताना दीड किलोमीटर ताशी २ नं: ४५ मिनिटं. येताना ताशी ४ नं: साडेबावीस. एकूण साडेसदुसष्ट, शांत पाण्यात साठ लागली असती. साडेसात मिनिटं गेली. आता ताशी ४ नं पोहणारा बघा. त्याला जाताना ३०, येताना १८, एकूण ४८, शांत पाण्यात ४५. त्याची तीनच गेली. विरोधातल्या पाण्यात आपण जास्त वेळ अडकून असतो, म्हणून तोटा जास्त, आणि हळू पोहणारा आणखी जास्त वेळ अडकतो. जड पाण्यात मागच्यांचं जास्त नुकसान होतं म्हणालो ते हेच.

यातून पेसिंगचा, म्हणजे जोर कुठे किती लावायचा याचा, एक नियम निघतो, जो ‘सगळीकडे सारखा जोर लावा’ या सल्ल्याच्या विरुद्ध आहे: उलट पाण्यात किंचित जास्त जोर लावायचा, सोबतच्या पाण्यात थोडा सैल सोडायचा. लोक नेमकं उलटं करतात. सोबतच्या पाण्यात भारी वाटतं म्हणून हाणतात आणि उलट पाण्यात हबकून ढिले पडतात. ‘किंचित’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. पाण्यात वेग पाच टक्के वाढवायला ताकद पंधरा-सोळा टक्के जास्त लागते.

प्रवाह कधी कुठे असेल याचा अंदाज घरबसल्या येतो. कोकणातला जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी नि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जास्त चढतं-उतरतं आणि प्रवाह जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, सगळं सौम्य. हा आडाखा ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, शर्यतीसाठी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टकच बघावं. पण स्पर्धेची तारीख जाहीर झाली की कालनिर्णय उघडून तिथी बघायला काय हरकत आहे? पूर्ण भरती किंवा पूर्ण ओहोटीच्या आगेमागे पाणी थबकलेलं असतं, मधल्या दोन तासांत सगळ्यात जास्त धावतं. सात वाजता शर्यत आणि सव्वाआठला भरती असेल तर शेवटच्या टप्प्यात पाणी थबकलेलं मिळेल. तेच अष्टमीला असेल तर सात वाजता ओहोटी लागलेली असणार आणि जसजसे दमाल तसतसा प्रवाह वाढेल. आपल्या दोन्ही वर्षांच्या तारखा काढून बघा, वाढलेल्या चारपैकी दोन-तीन मिनिटं तिथेच सापडतील असं मला वाटतं.

सुरुवातीची घाई. तुम्ही लिहिलंय की पहिली बोया गाठेपर्यंत ‘मस्त’ वाटत होतं आणि मग हात भरून आले. हे ‘मस्त’ वाटणंच फसवं. शिट्टी वाजते, शंभर माणसं एकदम पाण्यात शिरतात, अंगात वारं भरतं, आणि माणूस १०० मीटरच्या शर्यतीच्या वेगानं सुटतो. बिल दहा मिनिटांनी येतं. पहिले तीनशे मीटर इतके सावकाश जा की लोक पुढे जाताना बघून लाज वाटेल. त्यांतले अर्धे दुसऱ्या बोयापाशी उताणे होऊन गॉगल नीट करताना भेटतात. गर्दीच्या मध्ये उभे राहू नका, कडेला राहा. दहा मीटर जास्त पडले तरी लाथा वाचतात.

वेग मोजायचा कसा? घड्याळात बघून नाही, कारण खुल्या पाण्यात १०० मीटरचा पेस कळत नाही आणि कळला तरी प्रवाहामुळे त्याला अर्थ नसतो. श्वासावरून मोजा. तीन स्ट्रोकला एक श्वास तुम्हाला सरावात आरामात जमतो, तर पहिल्या टप्प्यात तो जमलाच पाहिजे. दोनवर यावं लागलं आणि तरी हवा पुरत नसेल तर जास्त झालंय. मधल्या टप्प्यात दोनवर आलात तरी चालेल. शेवटच्या पाचशेत काय ते करा. दुसरं मोजमाप स्ट्रोकच्या लयीचं. पुलात मिनिटाला किती स्ट्रोक पडतात ते मोजून ठेवा. लाटांत लांबलचक सरकणारा स्ट्रोक कामाचा नाही, लाट हात अडवते आणि वेग मरतो. तिथे मिनिटाला चार-सहा स्ट्रोक जास्त, थोडे आखूड, पण न थांबणारे.

लक्ष्य ठरवायला मात्र पूलच वापरा. एका दिवशी नीट अंग गरम करून ४०० मीटर पूर्ण जोरात, भरपूर विश्रांती, मग २०० पूर्ण जोरात. मोठ्यातून छोटा वजा करून दोननं भागा. समजा ४०० ला ७ मिनिटं ४० आणि २०० ला ३ मिनिटं ४४ लागले, तर फरक ३ मिनिटं ५६, त्याचा अर्धा १ मिनिट ५८. हा तुमचा टिकणारा वेग, दर शंभरीचा. समुद्रातल्या ३ किलोमीटरला त्यात भिंतीचे ४ आणि अंतराचे ४-५ सेकंद मिळवा, २ मिनिटं ७ च्या आसपास येईल. म्हणजे शांत पाण्यात, सरळ रेषेत, साधारण ६३-६४ मिनिटं. लक्ष्य एक आकडा ठेवू नका, पट्टा ठेवा: पाणी चांगलं तर ६५, वाईट तर ७२. दर दोन महिन्यांनी हीच चाचणी, त्याच पुलात, शक्यतो तशाच तापमानात. मे मधल्या कोमट पाण्यात टाइम वाढतो, ते मनाला लावून घेऊ नका. जागतिक संघटना ३१ अंशांच्या वर पाणी गेलं की खुल्या पाण्याची शर्यतच होऊ देत नाही, आणि आपल्याकडे मे मध्ये उघड्या टँकचं पाणी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. उलट मालवणच्या चिवला बीचसारख्या स्पर्धा डिसेंबरात असतात. इथे थंडीनं पाणी हाडात शिरतं म्हणून लोक सराव सोडतात आणि तिथे समुद्र छान उबदार असतो. नेमके तेच दोन महिने वाया जातात.

राहिलं ५ किलोमीटरचं. ७४ मिनिटांना सरळ पाचतृतीयांश केलं तर १२३ येतात, पण अंतर वाढलं की वेग थोडा उतरतो, म्हणून १२७ धरा, २ तास ७ मिनिटं. वाईट पाण्यात २ तास २० सुद्धा. आधी माहितीपत्रकात वेळेची मर्यादा बघा. ती अडीच तास किंवा जास्त असेल तर नाव द्यायला हरकत नाही. दोन तास असेल तर पुढच्या वर्षीही ३ च करा आणि साइटिंगवर काम करा, नाहीतर दम असूनही होडीत बसावं लागेल. आणि नाव द्याल तर महिनाभर आधी एकदा तरी पुलात सलग ४ किलोमीटर झालेलं असू द्या, त्यातलं शेवटचं किलोमीटर पहिल्याहून हळू नसावं. ताशी एकदा तरी काही प्यावं लागेल, तेव्हा पाठीवर तरंगत पाऊच कसा उघडायचा तेही पुलातच शिकून जा. शर्यतीच्या सकाळी मात्र केळं, भाकरी, गूळ असलं साधंच. तर्री-पोहे बाहेर आल्यावर.